वृक्कविकार, अपोहन व वृक्क-प्रतिरोपण : परभणी जिल्ह्याच्या संदर्भात

वृक्कांचे (मूत्रपिंडांचे) कार्य कायमचे बंद पडलेल्या रुग्णास कृत्रिम साधनाने अथवा दुसऱ्या व्यक्तीच्या वृक्काने जिवंत ठेवण्याची चिकित्सा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विकसित झाली. रक्तातील त्याज्य द्रव्ये पातळ पटलातून गाळून काढण्याच्या क्रियेस ‘अपोहन’ म्हणतात. व्यवहारात तिला ‘डायलिसिस’ म्हणण्याचा प्रघात आहे. निरोगी वृक्क रुग्णाच्या शरीरात बसविण्याच्या शस्त्रक्रियेस ‘वृक्क-प्रतिरोपण’ म्हणतात. या उपायांनी रुग्णाचे आयुष्य किती वाढते, कोणाचे वाढते व कोणाचे वाढत नाही, यांचा पद्धतशीर अभ्यास हा वृक्कविकारांवरील चिकित्सालयीन संशोधनाचा महत्त्वाचा भाग होय. प्रस्तुत नोंदीत या चिकित्सेचा व संशोधनाचा इतिहास देऊन, मोठ्या शहरांपासून दूर असलेल्या परभणीसारख्या जिल्ह्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय होतो, याचा विचार केला आहे.

कार्य व कार्यनाश : प्रत्येक वृक्कात सु. १० लक्ष वृक्काणू असतात. दोन्ही वृक्कांतून दररोज सु. १८० लि. द्रव गाळला जातो व त्यापैकी बहुतांश पुन्हा रक्तात शोषला जाऊन उरलेला दीड-दोन लि. मूत्ररूपाने बाहेर पडतो. वृक्कांचे कार्य काही तासांत वा दिवसांत ढासळल्यास त्यास तीव्र कार्यनाश म्हणतात. मूळ कारण दूर झाल्यास हा प्रकार पुष्कळदा पूर्ण बरा होतो. चिरकारी प्रकारात वृक्काणूंचा नाश अनेक वर्षे हळूहळू होत राहतो आणि तो भरून येत नाही. वृक्कांची राखीव शक्ती मोठी असल्यामुळे सु. निम्मे कार्य नष्ट होईपर्यंत रक्तातील क्रिॲटिनिनाचे प्रमाणही फारसे वाढत नाही व रुग्णास बहुधा काहीच जाणवत नाही. गाळण्याचा वेग मिनिटास १५ मिलि. पेक्षा खाली गेला म्हणजे रोगाची पाचवी व अखेरची अवस्था आली असे मानतात. हा रोग मूकपणे वाढतो, ही गोष्ट पुढील सर्व विवेचनात महत्त्वाची आहे.

कृत्रिम वृक्क : ‘अपोहन’ या क्रियेची शास्त्रीय संकल्पना स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ टॉमस ग्रेअम यांनी १८६१ मध्ये मांडली. १९१३ मध्ये अमेरिकेत जॉन जेकब एबल व त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवंत प्राण्याचे रक्त अशा रीतीने शुद्ध करून दाखविले आणि १९२४ मध्ये जर्मनीत गेऑर्ख हास यांनी माणसावर पहिला प्रयोग केला. व्यवहारात उपयोगी पडणारे यंत्र मात्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, जर्मनांनी व्यापलेल्या नेदर्लंड्समधील कांपेन या गावी व्हिलेम कॉल्फ यांनी तयार केले. फिरत्या पिंपावर गुंडाळलेल्या सेलोफेनच्या नळीतून ते रक्त खेळवीत. प्रारंभीचे बहुतेक सर्व रुग्ण दगावले. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक स्त्री वाचली व या यंत्राची उपयुक्तता सिद्ध झाली.

तथापि प्रत्येक वेळी नवी रोहिणी व नीला उघडावी लागत असल्यामुळे हा उपाय तीव्र कार्यनाशापुरताच मर्यादित राहिला. १९६० मध्ये, म्हणजे महाराष्ट्र राज्य स्थापन झाले त्याच वर्षी, सिॲटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी टेफ्लॉनची नळी रुग्णाच्या हातात कायम ठेवण्याची युक्ती काढली. त्यांचा पहिला रुग्ण ११ वर्षे जगला. १९६६ मध्ये ब्रेशा व चिमिनो यांनी रुग्णाचीच रोहिणी व नीला जोडण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. ती आजही प्रमाण मानली जाते. १९७६ मध्ये पॉपोविच व मॉन्क्रीफ यांनी पर्युदराच्या (उदरपोकळीच्या अस्तराच्या) साहाय्याने घरीच करता येणाऱ्या अखंड अपोहनाची पद्धत मांडली.

या शोधाबरोबर एक नवा प्रश्न उद्‌भवला. यंत्रे थोडी व रुग्ण अनेक, अशा स्थितीत यंत्र कोणास द्यावे, हे ठरविण्यासाठी सिॲटल येथे १९६२ च्या सुमारास नागरिकांची एक समिती नेमण्यात आली व तिच्या निवडीवर पुढे बरीच टीका झाली. १९७२ मध्ये अमेरिकन काँग्रेसने या चिकित्सेचा खर्च शासनाने उचलावा असा कायदा केला. म्हणजे यंत्राच्या शोधानंतर ते सर्वांना मिळण्याची सोय होण्यास तेथेही एक तप लागले.

प्रतिरोपण : मृत व्यक्तीचे वृक्क माणसाला बसविण्याचा पहिला प्रयत्न १९३३ मध्ये युक्रेनमधील शस्त्रक्रियातज्ञ व्होरोनॉय यांनी केला, तो असफल झाला. २३ डिसेंबर १९५४ रोजी बॉस्टन येथे जोसेफ मरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका तरुणाचे वृक्क त्याच्या एकसारख्या जुळ्या भावास बसविले. दोघांची ऊतके सारखीच असल्यामुळे शरीराने ते नाकारले नाही व रुग्ण आणखी ८ वर्षे जगला. मरी यांना १९९० चे नोबेल पारितोषिक मिळाले. जुळे भावंड नसलेल्यांना हा उपाय उपलब्ध झाला तो १९६० नंतर ॲझाथायोप्रीन व स्टेरॉइड औषधांमुळे, आणि तो बराचसा भरवशाचा झाला तो सायक्लोस्पोरिनामुळे. कवकापासून मिळणाऱ्या या औषधाचा उपयोग केंब्रिज येथे रॉय कॅल्न यांनी १९७८ मध्ये वृक्क-प्रतिरोपणात करून दाखविला.

भारत व महाराष्ट्र : भारतात मानवी वृक्क-प्रतिरोपणाचा आरंभ मुंबईत झाला. मे १९६५ मध्ये परळ येथील राजे एडवर्ड स्मारक (के. ई. एम.) रुग्णालयात मृत दात्याचे वृक्क, वृक्कात अर्बुद (गाठ) झालेल्या एका रुग्णास बसविण्यात आले. याच रुग्णालयात प्रफुल्लकुमार सेन यांनी १९६८ मध्ये देशातील पहिले हृदय-प्रतिरोपण केले. दीर्घकाळ यश मिळालेले वृक्क-प्रतिरोपण मात्र १९७१ मध्ये वेल्लोर येथील ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात जिवंत दात्याचे वृक्क घेऊन झाले आणि पुढे भारतातील प्रतिरोपण मुख्यतः जिवंत नातेवाइकांच्या दानावर उभे राहिले. के. ई. एम. रुग्णालयात विद्या आचार्य यांनी वृक्कविज्ञानाचा विभाग वाढविला व मूत्रमार्गाचे संसर्ग, हिवतापातील वृक्कहानी इ. देशी प्रश्नांवर संशोधन केले.

सामान्य मराठी वाचकास अपोहनाची ओळख झाली ती जयप्रकाश नारायण यांच्या आजारपणामुळे. आणीबाणीतील स्थानबद्धतेतून नोव्हेंबर १९७५ मध्ये सुटका झाल्यावर त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणण्यात आले. तेथे एम. के. मणी हे वृक्कविज्ञानतज्ञ होते. दोन्ही वृक्के निकामी झालेले जयप्रकाश ८ ऑक्टोबर १९७९ रोजी निधन होईपर्यंत, म्हणजे सु. चार वर्षे, अपोहनाच्या आधारे जगले. त्या काळात ही चिकित्सा देशातील मोजक्याच शहरांत होती आणि तिचा खर्च सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा होता.

परभणी जिल्हा : गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांच्या खोऱ्यांतील हा शेतीप्रधान जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. १९९९ मध्ये त्यातून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार परभणी जिल्ह्याची लोकसंख्या १८,३६,०८६ आहे. मराठवाड्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालये औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर, १९५६), अंबाजोगाई व नांदेड (१९८८) येथे निघाली, परभणी येथे ती सोय २०२३ मध्ये झाली. त्यामुळे दीर्घकाळपर्यंत वृक्कविकाराच्या विशेष चिकित्सेसाठी येथील रुग्णास मनमाड–काचीगुडा लोहमार्गाने एका बाजूस औरंगाबाद व पुढे मुंबई, तर दुसऱ्या बाजूस नांदेड व हैदराबाद यांकडे पाहावे लागे.

अपोहन आठवड्यातून दोनदा वा तीनदा, प्रत्येक वेळी सु. चार तास करावे लागते. परभणी ते छत्रपती संभाजीनगर हे लोहमार्गाने सु. १८० किमी. अंतर आठवड्यातून दोन वेळा जाऊन-येऊन केल्यास वर्षाला ३७,००० किमी. हून अधिक प्रवास होतो. केंद्र परभणी शहरात असले, तरी सु. ४० किमी. वरील गंगाखेड वा जिंतूर येथील रुग्णास वर्षाला ८,००० किमी. हून अधिक प्रवास करावा लागतो. सोबत येणाऱ्याची मजुरी बुडते ती वेगळीच. म्हणून येथे अंतर हा चिकित्सेचाच एक घटक मानावा लागतो.

दुसरा घटक पाण्याचा. एका वेळच्या अपोहनासाठी मिनिटाला सु. ५०० मिलि. या वेगाने चार तासांत सु. १२० लि. अत्यंत शुद्ध पाणी लागते व ते तयार करताना आणखी पाणी वाया जाते. २०१६ मध्ये शेजारच्या लातूर शहरास रेल्वेने पाणी पुरवावे लागले, हे लक्षात घेतल्यास अवर्षणप्रवण प्रदेशात अपोहन केंद्र चालविणे म्हणजे केवळ यंत्रे बसविणे नव्हे, हे ध्यानी येईल.

तीव्र कार्यनाश : ग्रामीण भागात वृक्क अचानक निकामी होण्याची कारणे शहरांहून काहीशी वेगळी असतात. अतिसार व वांत्यांमुळे शरीरातील पाणी कमी होणे, हिवताप, बाळंतपणातील रक्तस्राव व जंतुसंसर्ग आणि सर्पदंश ही त्यांपैकी प्रमुख होत. घोणस व फुरसे यांच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते व वृक्कांस इजा होते. या विषयावर चंडीगढ येथे के. एस. चुघ व त्यांच्या सहकाऱ्यांनी मूलभूत अभ्यास केला. अशिक्षित हातांनी केलेल्या गर्भपातानंतर जंतुसंसर्गाने होणारा कार्यनाश हे एके काळी मोठे कारण होते. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यानंतर व प्रसूतिसेवा सुधारल्यावर त्याचे प्रमाण घटत गेले. जलसंजीवनी, वेळेवर दिलेली सर्पविषरोधक लस व सुरक्षित प्रसूती हे उपाय प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पातळीवरचे आहेत. पेरणी-कापणीच्या दिवसांत शेतात सर्पदंश झालेला रुग्ण लस मिळेपर्यंत किती वेळ घालवितो, यावर त्याला पुढे अपोहन लागेल की नाही, हे पुष्कळ अंशी ठरते.

चिरकारी विकाराचे प्रमाण : भारतात या रोगाची देशव्यापी सक्तीची नोंद नाही. भोपाळ येथे वायुपीडितांसाठी असलेल्या रुग्णालयात सर्वांस विनामूल्य उपचार मिळत असल्यामुळे तेथील नोंदींवरून रोगाचे प्रमाण काढणे शक्य झाले. २००२ ते २००५ या काळातील या अभ्यासात, दर दहा लक्ष लोकसंख्येमागे वर्षाला १५१ व्यक्ती अखेरच्या अवस्थेस पोहोचतात, असे आढळले. हेच प्रमाण परभणी जिल्ह्यास लावून पाहिल्यास येथे दरवर्षी सु. २८० नवे रुग्ण अपेक्षित धरावे लागतील. भोपाळ हे शहर व परभणी हा ग्रामीण जिल्हा असल्यामुळे हा आकडा केवळ अंदाजाचा आहे. तथापि प्रश्नाच्या आकारमानाची कल्पना त्यावरून येते.

भारतीय वृक्कविज्ञान संस्थेने २००५ मध्ये सुरू केलेल्या नोंदवहीचा पहिला अहवाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ५२,२७३ रुग्णांची माहिती आहे. मधुमेहजन्य वृक्कविकार ३१ टक्के, कारण न कळलेला विकार १६ टक्के, चिरकारी गुच्छशोथ (गाळण-केशिकांच्या गुच्छांचा दाह) १४ टक्के व अतिरक्तदाबजन्य विकार १३ टक्के, अशी त्यांची विभागणी होती. सु. निम्मे रुग्ण तज्ञाकडे प्रथम आले तेव्हाच पाचव्या अवस्थेत होते. कारण न कळलेल्या गटातील रुग्ण तुलनेने तरुण व गरीब असून ते अधिक उशिरा आलेले होते. उशीर हेच कारण न कळण्याचेही एक कारण असते. कारण वृक्के आक्रसून गेल्यावर मूळ रोग कोणता होता, हे तपासणीने सांगता येत नाही.

परिणामांचे मापन : एखाद्या चिकित्सेचे यश बहुधा ‘एक वर्षानंतर वा पाच वर्षांनंतर शेकडा किती रुग्ण जिवंत आहेत’ या रीतीने सांगतात. हे प्रमाण काढण्याची सर्वमान्य पद्धत कॅप्लान व मायर यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केली. अभ्यास चालू असता जो रुग्ण येईनासा होतो, त्याला या पद्धतीत त्या दिवसापर्यंतच मोजतात व त्याचे पुढे काय झाले असेल, हे उरलेल्या रुग्णांवरून गृहीत धरले जाते. येईनासे झालेले व येत राहिलेले रुग्ण साधारणपणे सारख्याच स्थितीत असतील, तर हे गृहीत बाधक ठरत नाही.

आपल्याकडे मात्र तसे नसते. उदाहरणादाखल, एका केंद्रात १०० रुग्णांनी अपोहन सुरू केले. वर्षभरात त्यांपैकी २० तेथे मरण पावले, ३० येईनासे झाले व ५० येत राहिले असे समजू. येईनासे झालेले ३० सोडून दिल्यास ७० पैकी ५०, म्हणजे शेकडा सु. ७१ वाचले असे दिसते. पण ते ३० जण पैसे संपल्यामुळे घरी बसले असतील, तर अपोहनाविना ते बहुधा काही दिवसांत वा आठवड्यांत मरण पावतात, आणि खरे प्रमाण शेकडा ५० ठरते. ज्यांनी अपोहन सुरूच केले नाही, ते तर मुळातच या १०० मध्ये नाहीत. म्हणून गरीब प्रदेशातील परिणामांचा विचार करताना किती वाचले, याच्या आधी किती आले व किती सुटले, हे विचारावे लागते. जगाच्या पातळीवर हाच विचार करून २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे अनुमान काढण्यात आले, की २०१० मध्ये सु. २६ लक्ष लोकांना अपोहन वा प्रतिरोपण मिळाले. परंतु ते न मिळाल्यामुळे मृत्यू आलेल्यांची संख्याही सु. २३ लक्ष असावी.

प्रतिरोपणानंतरच्या परिणामांतही स्थानिक परिस्थितीचा प्रभाव दिसतो. प्रतिरक्षा दडपणारी औषधे आयुष्यभर घ्यावी लागत असल्यामुळे सुप्त संसर्ग उफाळून येतात. वेल्लोर येथील १,२५१ रुग्णांच्या पाहणीत सु. १३ टक्क्यांना प्रतिरोपणानंतर क्षयरोग झाल्याचे आढळले. औषधांचा खर्च न झेपल्यामुळे मात्रा कमी करणे वा औषध सोडणे, हे बसविलेले वृक्क गमावण्याचे आणखी एक कारण होय.

कायदा व दाते : जिवंत दात्यांच्या दानात पैशाचा व्यवहार शिरल्याने १९९४ मध्ये मानवी अवयव प्रतिरोपण कायदा करण्यात आला. प्रथम तो गोवा, हिमाचल प्रदेश व महाराष्ट्र या राज्यांना आणि केंद्रशासित प्रदेशांना लागू झाला. त्याने अवयवांची खरेदी-विक्री हा गुन्हा ठरविला व मस्तिष्कस्तंभाच्या मृत्यूस कायदेशीर मान्यता दिली. २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबा व नातवंडे यांचा निकटच्या नातेवाइकांत समावेश केला, तसेच रक्तगट न जुळणाऱ्या दोन कुटुंबांना दात्यांची अदलाबदल करण्याची मुभा दिली. मृत दात्यांच्या अवयवांचे न्याय्य वाटप करण्यासाठी मुंबईत २००० मध्ये विभागीय समन्वय केंद्र स्थापन झाले. पुढे पुणे, नागपूर व औरंगाबाद येथेही अशी केंद्रे निघाली. परभणी जिल्हा औरंगाबाद विभागात मोडतो.

कायद्याने न सुटलेली एक विषमता नमूद केली पाहिजे. भारतात वृक्क देणाऱ्या जिवंत दात्यांमध्ये आई, पत्नी व बहीण यांचे प्रमाण मोठे असून वृक्क मिळणाऱ्यांमध्ये पुरुष बहुसंख्य आहेत. वरील नोंदवहीतही स्त्रिया केवळ सु. ३० टक्के होत्या. स्त्रियांना हा रोग कमी होतो असा याचा अर्थ नसून, त्यांना रुग्णालयापर्यंत आणले जाण्याचे प्रमाण कमी असावे, असे मानण्यास जागा आहे.

शासकीय योजना : २०१२ मध्ये महाराष्ट्र शासनाने राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू केली. शेजारचा नांदेड जिल्हा त्यांत होता; परभणीसह उर्वरित जिल्ह्यांना ती नोव्हेंबर २०१३ मध्ये लागू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असे नाव देण्यात आले. अपोहन व वृक्क-प्रतिरोपण या दोहोंचा तिच्यात अंतर्भाव असून प्रतिरोपणासाठीची मर्यादा २०२३ मध्ये अडीच लक्ष रुपयांवरून साडेचार लक्ष रुपये करण्यात आली. केंद्र शासनाने २०१६ मध्ये प्रधानमंत्री राष्ट्रीय अपोहन कार्यक्रम जाहीर केला व जिल्हा रुग्णालयांत गरीब रुग्णांस विनामूल्य अपोहन मिळण्याची व्यवस्था केली. २०१९ मध्ये त्यात पर्युदरीय अपोहनाचीही भर घालण्यात आली. ही दुसरी पद्धत घरी करता येत असल्याने दूरच्या गावांना सोयीची आहे. मात्र तिला स्वच्छ जागा, प्रशिक्षित नातेवाईक व द्रावणाच्या पिशव्यांचा अखंड पुरवठा लागतो.

परभणी येथील जिल्हा रुग्णालयात अपोहनाची सोय झाल्यामुळे, जो प्रवास पूर्वी दुसऱ्या जिल्ह्यात करावा लागे तो पुष्कळ रुग्णांच्या बाबतीत जिल्ह्यातल्या जिल्ह्यात आला आहे. सिॲटलच्या समितीपुढे होता तो निवडीचा प्रश्न येथे कोणत्याही समितीने सोडविला नव्हता. अंतर व पैसा यांनीच तो परस्पर सोडविलेला होता. नव्या व्यवस्थेचे महत्त्व यात आहे.

समारोप : यंत्र जवळ आले, तरी रुग्ण उशिरा येत राहिल्यास परिणाम फारसे बदलत नाहीत. मणी यांनी पुढे चेन्नईजवळील खेड्यांत केलेला प्रयोग या दृष्टीने मार्गदर्शक आहे. स्थानिक आरोग्यसेविकांनी घरोघर मूत्र व रक्तदाब तपासावा आणि मधुमेह व अतिरक्तदाब स्वस्त औषधांनी काबूत ठेवावा, असे त्याचे स्वरूप होते. मूत्रातील प्रथिन पाहण्याची पट्टी, रक्तदाबमापक व आशा कार्यकर्त्या यांच्या साहाय्याने असे काम परभणीतील उपकेंद्रांतही करता येण्यासारखे आहे. २०२३ मध्ये सुरू झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयामुळे जिल्ह्यातील रुग्णांची नोंद जिल्ह्यातच ठेवण्याची, विशेषतः येईनासे झालेल्या रुग्णाच्या घरी जाऊन त्याचे काय झाले हे लिहून ठेवण्याची, संधी प्राप्त झाली आहे. अशी नोंद झाली, तर या रोगाच्या इतिहासात जे आजवर मोजलेच गेले नाहीत, त्यांचाही समावेश होऊ शकेल.